बार्लाखचा देवदूत वितळवला, मग आज चर्चमधे टांगलाय तो कोणता?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की आर्ट हिस्टरीत जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाख आला, ग्युस्ट्रोच्या चर्चमधल्या त्याच्या हवेत तरंगणाऱ्या देवदूताचा फोटो बघितला, आणि नंतर कळलं की मूळ ब्राँझ नाझी काळात काढून वितळवलं आणि आत्ता आहे तो पुढे केव्हातरी काढलेला कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला पुतळा. मग ही नक्कलच झाली ना, असं तू विचारतोयस. आणि दुसरं म्हणजे त्याच्या आकृत्या बोजड, गाठोड्यासारख्या दिसतात, अ‍ॅनाटॉमी जवळपास नाहीच, तरी त्याला एवढा मोठा का मानतात.

मी स्वतः लाकडात आणि ब्राँझमधे काम करतो, आयुष्याचा बराच भाग फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, धुरात गेलाय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर कामाच्या बाजूनेच देतो. ती नक्कल नाही. का नाही, हे समजायला ब्राँझ कसं बनतं ते आधी नीट डोक्यात बसायला हवं, कारण कॉलेजमधे आपण हे घाईघाईत शिकतो आणि मग आयुष्यभर 'ओरिजिनल' हा शब्द चुकीच्या जागी वापरत राहतो.

शिल्पकार मातीत काम करतो. मातीवरून मोल्ड, मोल्डमधून प्लास्टर. त्या प्लास्टरवर तो परत हात फिरवतो, घासतो, भर घालतो, एखादी कड धारदार करतो, आणि बहुतेक वेळा त्याचा हात तिथेच थांबतो. पुढे ते प्लास्टर फाउंड्रीत जातं, तिथले लोक त्यावरून साचा घेतात, मेणाचा पोकळ थर काढतात किंवा वाळूचा साचा करतात, धातू ओततात, तुकडे जोडतात, छिन्नीने शिवण साफ करतात, अ‍ॅसिड आणि आगीने पॅटिना, म्हणजे वरचा रंगीत थर, चढवतात. म्हणजे 1927 साली ग्युस्ट्रोला टांगलेला पहिला देवदूतही बार्लाखच्या हाताने ओतलेला नव्हता, तो बर्लिनच्या हेर्मान नोआक फाउंड्रीत ओतलेला होता. ब्राँझच्या बाबतीत शिल्पकाराचा शेवटचा स्पर्श प्लास्टरला असतो आणि ते प्लास्टर शाबूत आहे तोवर काम जिवंत आहे. म्हणून कुठलंही ब्राँझ बघितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की हे कशावरून ओतलंय, शिल्पकाराच्या प्लास्टरवरून की दुसऱ्या कास्टवरून. तारीख नंतर.

आता या देवदूताचं काय झालं ते बघ. ग्युस्ट्रो हे उत्तर जर्मनीतलं, मेकलेनबुर्गमधलं छोटं गाव, बार्लाख तिथे 1910 पासून राहत होता. तिथल्या कॅथेड्रलला 700 वर्षं होत होती, पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी स्मारक हवं होतं, बार्लाखने हे काम मानधन न घेता केलं, खर्च फक्त मटेरियल आणि ओतकामाचा. 1927 च्या मे महिन्यात तो टांगला गेला. दहा वर्षांनी, ऑगस्ट 1937 मधे काढला. हे फक्त पार्टीच्या गुंडांनी येऊन केलं असं नाही, चर्चच्या वरच्या मंडळींचा त्यात हात होता, आणि मला ही गोष्ट पुतळा वितळवण्यापेक्षा जास्त लागते. पुढे युद्धाच्या तयारीसाठी धातू गोळा करायला लागले त्यात तो गेला, वितळला, संपला.

पण नोआककडे प्लास्टर होतं. बार्लाखच्या जवळच्या माणसांनी त्यावरून गुपचूप दुसरा कास्ट काढून घेतला. विचार कर, ज्या कलाकाराला सरकारने 'डीजनरेट', म्हणजे विकृत, म्हणून जाहीर केलंय त्याचं दोन मीटरहून लांब ब्राँझ बर्लिनमधे ओतायचं. ओतकाम लपवता येत नाही, भट्टी पेटते, माणसं लागतात, धातू लागतो आणि तोही अशा वेळी जेव्हा धातूच्या किलोकिलोचा हिशोब होतोय. तो कास्ट मग ल्युनेबुर्गच्या माळरानाकडच्या श्नेगा नावाच्या गावात नेऊन लपवला, तिथे ह्युगो क्योर्त्सिंगर नावाचा बार्लाखचा चित्रकार मित्र राहत होता. आणि हे केलं ते किती बरं झालं, कारण नंतर बर्लिनवर बॉम्ब पडले त्यात ते प्लास्टरही गेलं. म्हणजे लपवलेला तो एक कास्ट सोडला तर काहीच उरलं नाही.

युद्ध संपलं, जर्मनीचे दोन तुकडे झाले, लपवलेला देवदूत पश्चिमेकडच्या तुकड्यात आणि ग्युस्ट्रो पूर्वेकडच्या. पश्चिमेत कोलोनच्या अँटोनिटर चर्चने तो घेतला आणि 1952 ला टांगला. मग त्या कोलोनच्या कास्टवरून साचा घेऊन तिसरा कास्ट काढला आणि 1953 ला तो ग्युस्ट्रोच्या कॅथेड्रलला गेला. आज तू फोटोत बघतोस तो हा तिसरा.

आता धंद्यातला माणूस म्हणून खरं सांगायचं तर दुसऱ्या आणि तिसऱ्यात तत्त्वतः फरक आहे. दुसरा थेट प्लास्टरवरून आलाय, तिसरा कास्टवरून. ब्राँझ थंड होताना आकसतं, साधारण एक ते दीड टक्का धर, म्हणजे कास्टवरून कास्ट काढला आणि काही भरपाई केली नाही तर दोन मीटरच्या कामात दोन-तीन सेंटिमीटर कमी होऊ शकतात. कडा किंचित मऊ होतात. बारीक टेक्श्चर असेल तर ते पुसट होतं. फ्रेंच शिल्पकार रोदाँच्या कामासारख्या पृष्ठभागावर हे नुकसान मोठं असतं कारण तिथे बोटांचा ठसा न् ठसा बोलत असतो. या देवदूतात मात्र मोठे मोठे शांत प्लेन, म्हणजे सपाट भाग, आहेत, अंगरखा एका दंडगोलासारखा सरळ मागे गेलाय, त्यामुळे हे काम दुसऱ्या पिढीचा कास्ट सहन करतं. तेव्हा कोलोनचा देवदूत बार्लाखच्या हाताच्या एक पायरी जवळ आहे हे मी मान्य करतो, आणि तरीही ग्युस्ट्रोचा देवदूत मला नक्कल वाटत नाही, कारण तो ज्या जागेसाठी मोजून केला होता, ज्या उंचीसाठी, ज्या उजेडासाठी, तिथेच तो आहे. स्मारकशिल्पात जागा हा कामाचाच भाग असतो.

कोलोनचा मी पाहिलाय. ते चर्च शिल्डरगासं नावाच्या शॉपिंगच्या रस्त्यावर आहे, बाहेर कपड्यांची दुकानं, पिशव्या घेऊन माणसांचा लोंढा चाललेला असतो, आणि आत शिरलं की हा. पंख नाहीत. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, देवदूत म्हटल्यावर आपण पंख मनानेच लावून टाकतो. डोळे मिटलेले, ओठ बंद, हात छातीवर घट्ट एकावर एक, सगळं शरीर जमिनीला समांतर. तो उडत नाही, पडतही नाही. टांगलेल्या कामात हे साधणं किती अवघड आहे ते टांगून बघितल्याशिवाय कळत नाही. आडवी आकृती टांगली की दोनच गोष्टी होतात, एकतर ती पोहतेय असं वाटतं नाहीतर मेलेली वाटते. बार्लाखने मान किंचित उचलून ठेवलीय आणि खांद्यापासून पायापर्यंतची रेषा जवळपास ताठ ठेवलीय, म्हणून आतून कुठलातरी जोर आहे असं वाटत राहतं. शिवाय पोकळ ब्राँझचा गुरुत्वमध्य कुठे येतो, डोक्याकडचा भाग जड, कपड्याचं टोक लांब, हे आधीच धरून काम करावं लागतं, नंतर साखळी मागेपुढे करून ते सुटत नाही.

चेहरा केटे कोलविट्झचा आहे. ती स्वतः मोठी चित्रकार आणि शिल्पकार, तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मधे बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला होता, वय फक्त 18. बार्लाखने नंतर सांगितलं होतं की तिचा चेहरा त्यात आपोआप आला, ठरवून नाही, आणि ठरवून करायला गेलो असतो तर बहुतेक बिघडलं असतं. मला हे अगदी पटतं. पोर्ट्रेट करायला बसलं की आपण नाक-डोळ्यांच्या मापांत अडकतो, आणि एखादा चेहरा मनात वर्षानुवर्षं मुरलेला असतो तो हातातून वेगळाच उतरतो. युद्धस्मारकाला सैनिकाचा चेहरा नाही, मुलगा गमावलेल्या आईचा आहे, ही गोष्ट तेव्हाच्या जर्मनीत किती जणांना खुपली असेल याचा अंदाज कर.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, बोजडपणाकडे. त्यासाठी माणूस थोडा माहीत हवा. जन्म 2 जानेवारी 1870, हॅम्बुर्गजवळच्या वेडेल गावात, वडील डॉक्टर होते आणि ते लवकर गेले. हॅम्बुर्गच्या कला-उद्योग शाळेत, मग ड्रेस्डेनच्या अकादमीत रोबर्ट डीत्सच्या हाताखाली शिकला, पॅरिसला जाऊन आला. पस्तिशी आली तरी धड काही ठरलेलं नाही, मासिकांसाठी चित्रं काढतोय, सिरॅमिक करतोय, सिरॅमिकच्या शाळेत शिकवतोय, ते सोडतोय. 1906 च्या उन्हाळ्यात तो भावाबरोबर रशियात गेला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हच्या बाजूला, दोन-एक महिने. तिथे सपाट अफाट मैदान, आणि त्यात जाड घोंगड्या-कोटांत गुंडाळलेले शेतकरी, भिकारी, बसलेल्या बायका. परत आल्यावर त्याने रशियन भिकारी केले, ते 1907 ला बर्लिनच्या सेसेशन नावाच्या कलाकार-संघाच्या प्रदर्शनात लागले आणि तिथून त्याचा रस्ता सापडला. आर्ट डीलर पाऊल कासिरर त्याला ठरावीक पैसे द्यायला लागला आणि बदल्यात काम त्याच्याकडे, त्यामुळे पोटाची चिंता मिटली. 1909 ला फ्लॉरेन्सला राहायची शिष्यवृत्ती मिळाली, इटलीत राहूनसुद्धा त्याच्या कामात इटली फारशी आली नाही, आणि तिथून तो सरळ ग्युस्ट्रोला आईकडे येऊन बसला तो कायमचा.

तू ज्याला गाठोडं म्हणतोस ना, ते हेच. रशियात त्याला दिसलं की जाड कपड्याच्या आत माणसाचं शरीर दिसत नाही पण त्याची अवस्था दिसते, थंडी, भूक, मागण्यासाठी पसरलेला हात. मग त्याने कपडाच शरीर केला. स्नायू, बरगड्या, कंबरेचं वळण, हे सगळं बाजूला ठेवलं आणि एक बंद आकार घेतला ज्यातून फक्त चेहरा, हात, कधी पाय बाहेर येतात. 1919 ची तोंड झाकलेली भिकारीण बघ, चेहरासुद्धा नाही, डोकं पूर्ण खाली झाकलेलं आणि दोन हात पुढे. त्यात अ‍ॅनाटॉमी नाही असं तू म्हणशील, पण त्या हातांचा भार खांद्यावर कसा येतोय, पाठ कुठे वाकलीय, हे इतकं अचूक आहे की अ‍ॅनाटॉमी पक्की असल्याशिवाय ते येणारच नाही. अ‍ॅनाटॉमी येत नाही म्हणून गाळणं आणि पक्की येते म्हणून गाळणं यात फरक असतो आणि तो कामात लगेच दिसतो. त्याची 1894 ची भाजी खुडणारी बाई बघ, शिकत असतानाचं काम आहे, त्यात सगळं वास्तववादी शिक्षण दिसतं.

आणि तो मुळात लाकडाचा माणूस आहे. लाकूड हे ठोकळ्यातून येतं, ओंडक्याच्या बाहेर हात पसरायला गेलास तर आडव्या रेषांवर तो मोडतो, मग जोड द्यावा लागतो. म्हणून ओंडक्याच्या आत राहून विचार करायची सवय लागते. बार्लाख आधी छोटं मॉडेल करायचा, ते मोजून मोठ्या लाकडात न्यायचा, ओक, अक्रोड असलं कडक लाकूड, आणि शेवटी पटाशीच्या खुणा ठेवायचा. पॉलिश पेपर मारून गुळगुळीत नाही करायचा. फोटोत या खुणा खडबडीत दिसतात पण समोर उभं राहिलं की कळतं, प्रत्येक घाव आकाराच्या दिशेने गेलाय, गालावरून गोल, अंगरख्यावरून उभा, आणि बाजूने उजेड पडला की सगळा पृष्ठभाग हलायला लागतो. आपल्याकडे सागात काम करणारे जुने कारागीरसुद्धा हे जाणतात, शेवटचा हात धारदार पटाशीचा असला की लाकूड चमकतं, पेपर मारला की रेषा मिटतात आणि ते मेल्यासारखं दिसतं. त्याची ब्राँझ बघतानाही हे लक्षात ठेव, ती लाकडाच्या विचाराने केलेली आहेत. देवदूताचा अंगरखा ओंडक्यासारखा आहे तो यामुळे.

युद्धाबद्दल त्याला पहिल्यापासून शहाणपण होतं असं मात्र समजू नकोस. 1914 ला तोही पेटला होता, इतर असंख्य लोकांसारखा. त्या वर्षीचा त्याचा 'सूड घेणारा' बघ, अंगरखा घातलेला माणूस तलवार डोक्यामागे उगारून पुढे झेपावलाय, शरीर जवळपास आडवं, बंदुकीतून सुटल्यासारखं. हीच आकृती त्याने लिथोग्राफमधे, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, केली आणि तिला पवित्र युद्ध असं नाव दिलं. 1915-16 मधे थोडा काळ त्याने सैन्यात काढला, तब्येतीमुळे सुटून आला, आणि एव्हाना मन पूर्ण फिरलं होतं. आता माझ्या डोक्यात कायम येणारी एक गोष्ट सांगतो, हे मी कुठे वाचलेलं नाही, दोन्ही कामं शेजारी ठेवून बघताना जाणवलेलं आहे. 'सूड घेणारा' आणि देवदूत, दोन्ही आडव्या आकृत्या, दोन्हींचा अंगरखा मागे सरळ ताणलेला, दोन्ही जमीन सोडलेल्या. मधे 13 वर्षं. तलवार काढली, उगारलेले हात छातीवर आणले, डोळे मिटले, वेग शून्य केला. त्याने स्वतःचाच जुना पुतळा दुरुस्त केला असं मला वाटतं, आणि एखाद्या शिल्पकाराने आपलं मत बदलल्याचा याहून स्पष्ट पुरावा मी बघितलेला नाही.

पुढची स्मारकं याच वाटेवरची. मॅग्डेबर्गच्या कॅथेड्रलमधलं 1929 चं, ओक लाकडात, सहा आकृत्या. मागे तीन सैनिक क्रॉसभोवती उभे, आणि पुढे खाली तीन अर्धाकृती, मधे हेल्मेट घातलेला सांगाडा, एका बाजूला तोंड झाकून रडणारी बाई, दुसऱ्या बाजूला डोकं धरलेला माणूस, छातीवर गॅस मास्क. विजय कुठेच नाही. माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या, चर्चच्या लोकांनीच ते हलवा म्हणून मागणी लावली आणि 1934 ला ते काढलं. कीलमधलं 1928 चं ब्राँझ, एका हिंस्र प्राण्याच्या पाठीवर उभा तलवारधारी देवदूत, तेही 1937 ला काढलं आणि करवतीने तुकडे केले. सुदैवाने ते तुकडे वितळवले गेले नाहीत, म्हणून युद्धानंतर जोडता आले आणि 1954 पासून ते कीलच्या निकोलाय चर्चपाशी उभं आहे. हॅम्बुर्गला टाउनहॉलजवळ 21 मीटर उंच दगडी स्तंभ आहे, त्यावर 1931 ला बार्लाखच्या डिझाइनचं रिलीफ, म्हणजे उठावात कोरलेलं चित्र, होतं, एक आई आणि तिला बिलगलेलं मूल. ते खरवडून तिथे पक्षी बसवला, आणि 1949 ला परत आई आणि मूल कोरलं. आता तुझ्या प्रश्नाच्या चौकटीत बघ, कीलचं ब्राँझ तेच आहे पण जोडलेलं, हॅम्बुर्गचं दगडी रिलीफ दुसऱ्या हातांनी परत कोरलेलं, आणि देवदूत तिसऱ्यांदा ओतलेला. यातलं हॅम्बुर्गचं काम मात्र मी पुनर्निर्मितीच म्हणेन, कारण दगडात मूळ घाव हाच मूळ असतो, तो गेला की गेला. लाकडाचंही तसंच. मॅग्डेबर्गचं स्मारक कोणी बंबात घातलं असतं तर जगातली कुठलीच फाउंड्री ते परत देऊ शकली नसती. ते बर्लिनला पडून राहिलं, हातोहात लपत-छपत वाचलं आणि 1955 ला मॅग्डेबर्गला परत आलं.

नाझी काळाबद्दल बोलताना लोक बार्लाखला सरळ हुतात्मा करून टाकतात, ते मला मान्य नाही. सुरुवातीला पार्टीतच त्याच्याबद्दल दोन मतं होती, बर्लिनचे काही नाझी विद्यार्थी पुढारी त्याला अस्सल उत्तरेकडची जर्मन कला म्हणून डोक्यावर घेत होते. आणि 1934 च्या ऑगस्टमधे हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या जाहीर पत्रकावर बार्लाखची सही आहे. घाबरून, काम वाचवायला, कशीही असो, सही आहे, आणि शिकणाऱ्याला ती माहीत असायला हवी. त्या सहीचा त्याला फायदा काहीच झाला नाही. 1936 ला त्याच्या चित्रांचं पुस्तक जप्त केलं, त्याच वर्षी प्रशियन अकादमीच्या प्रदर्शनातून त्याची, कोलविट्झची आणि आधीच गेलेल्या शिल्पकार लेमब्रुकचीही कामं उचलली. 1937 ला म्युनिकच्या 'डीजनरेट आर्ट' प्रदर्शनात त्याचं काम चेष्टेसाठी मांडलं, अकादमी सोडायला लावली, आणि जर्मनीभरच्या म्युझियममधून त्याची जी कामं काढली त्यांचा आकडा 381 असा सांगितला जातो.

या सगळ्यात एका माणसाने त्याला काम दिलं, हॅम्बुर्गचा सिगरेटवाला उद्योगपती हेर्मान रेम्ट्समा. बार्लाखकडे 'ऐकणाऱ्यांची' एक मालिका अर्धवट पडली होती. मूळ कल्पना बेथोव्हेनच्या स्मारकाची, ते झालं नाही, मग अभिनेत्री टिला ड्युरियच्या संगीताच्या खोलीसाठी तिने त्या लाकडात करायला सांगितल्या, तीन झाल्या आणि तिच्या नवऱ्याचा धंदा बसला. 1934 ला रेम्ट्समा ग्युस्ट्रोला आला, त्याने बघितलं आणि उरलेल्या पूर्ण करायला सांगितल्या. 1935 पर्यंत नऊ झाल्या, ओकमधे. तुला एकच काम बघायचं असेल तर मी देवदूताआधी हे सांगेन. नऊ उभ्या आकृत्या, प्रत्येकीचा ठोकळा जवळपास सारखाच, हालचाल नगण्य, आणि तरी प्रत्येक जण वेगळं ऐकतोय, एकाची मान वर, एकाचे हात कानाजवळ, एक स्वतःत बुडालेला. ऐकणं ही न दिसणारी क्रिया आहे, तिला शरीर द्यायचं म्हणजे काय ते इथे बघायचं. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हेच करायला लावतो, शाडूचे सारख्या मापाचे उभे ठोकळे घ्या, हातपाय बाहेर काढायचे नाहीत, आणि फक्त मान, खांदे आणि कपड्याच्या तीन-चार घड्यांत वाट बघणारा माणूस करा. पहिल्या आठवड्यात सगळे चिडतात.

24 ऑक्टोबर 1938 ला तो रोस्टॉकच्या हॉस्पिटलात हृदयविकाराने गेला. कोलविट्झ ग्युस्ट्रोला अंत्यविधीला आली, शवपेटीतल्या त्याचं तिने चित्र काढलं, आणि मग त्याच्या आठवणीत एक छोटं रिलीफ केलं, 'शोक', हातांनी अर्धा चेहरा झाकलेला, आणि तो चेहरा तिचा स्वतःचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने तिचा चेहरा देवदूताला दिला होता, ते ब्राँझ एव्हाना चर्चमधून काढलेलं होतं. ही दोन कामं शेजारी ठेवून बघायला हवीत असं मला फार वाटतं.

नंतर पूर्व जर्मनीतही त्याला सुखाने राहू दिलं नाही. 1951 च्या शेवटी पूर्व बर्लिनच्या अकादमीत त्याचं मोठं प्रदर्शन लागलं आणि तिथल्या कम्युनिस्ट पार्टीच्या वर्तमानपत्राने झोडपलं, निराशावादी आहे, यात उद्याचा माणूस दिसत नाही वगैरे. नाटककार ब्रेश्टने बाजू घेऊन लिहिलं. म्हणजे दोन एकमेकांच्या कट्टर विरोधी राजवटी, दोघींची तक्रार तीच, तुझी माणसं छाती काढून उभी का राहत नाहीत. डिसेंबर 1981 मधे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट पूर्व जर्मनीचा सत्ताधारी होनेकर याच्याबरोबर ग्युस्ट्रोला आले, गावभर गुप्त पोलीस पेरलेले, आणि श्मिट कॅथेड्रलमधे या देवदूताखाली उभे राहिले. मॅग्डेबर्गला तर लोक शांततेच्या प्रार्थनेला त्या ओकच्या स्मारकासमोरच जमायचे, आणि 1989 च्या शरद ऋतूत तिथेच गर्दी वाढत वाढत रस्त्यावर आली. ज्या कामाला घरात कोणी ठेवून घेत नव्हतं त्याच्यासमोर.

आपल्याकडे पुतळ्याचं काम येतं तेव्हा समितीला काय हवं असतं हे मला माहीत आहे, घोडा, उगारलेला हात, छाती, आणि चौथरा शेजारच्या गावापेक्षा दोन फूट जास्त. ती कामंही मी मनापासून केलीत, त्यातही शिल्प असतं. पण गेलेल्यांसाठीचं स्मारक वेगळ्या अंगाने करता येतं, आणि पैसे देणाऱ्यांना न पटणारं काम गावाच्या मधोमध उभं राहू शकतं, हे मला बार्लाखने दाखवलं. मोठा का मानतात याचं माझं उत्तर एवढंच आहे.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो, कारण तू पुढे म्युझियमची लेबलं वाचशील. बार्लाखची छोटी ब्राँझ बाजारात भरपूर दिसतात. 1930 च्या सुमारास डीलर आल्फ्रेड फ्लेख्टहाइमने त्याची कामं ब्राँझमधे काढायला सुरुवात केली, ती बार्लाखच्या हयातीतली आणि त्याच्या संमतीची. पण मृत्यूनंतरही अनेक कामांचे कास्ट निघत राहिले, त्यातली काही मुळात लाकडाची किंवा सिरॅमिकची. ब्राँझमधे ओतलेली पटाशीची खूण बघताना ती खूण कुठल्या मटेरियलमधे जन्मली हे विचारायचं. देवदूताची गोष्ट वेगळी, तो ब्राँझसाठीच केला होता, आणि त्याचे वर सांगितलेले दोन कास्ट बाजारासाठी निघालेले नाहीत. दोन्हींना एकाच तराजूत घालू नकोस.

कधी जाणं झालं तर हॅम्बुर्गपासून सुरू कर, तिथे येनिश पार्कमधे रेम्ट्समाच्या संग्रहाचं बार्लाख हाउस आहे, 1962 पासून, ऐकणारे नऊ जण तिथेच आहेत. वाटेत ल्युबेकला उतर, काथारीनेन चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर कोनाड्यांत भाजलेल्या मातीच्या आकृत्या आहेत, ठरलेल्या 16, बार्लाखच्या हातून फक्त तीन झाल्या, पुढच्या सहा युद्धानंतर गेर्हार्ड मार्क्सने केल्या, आणि कुठल्या कोणाच्या हे लेबल न वाचता ओळखायचा प्रयत्न कर, चांगला अभ्यास होतो. मग ग्युस्ट्रो. तिथे गेर्ट्रूड चॅपेलमधे त्याची लाकडाची कामं आहेत, गावाबाहेर त्याचं स्टुडिओघर आहे, आणि कॅथेड्रलमधे देवदूत. त्याचा सगळे समोरून फोटो काढून निघतात, तू बाजूने उभा राहा, हनुवटीपासून टाचेपर्यंतची रेषा तिथूनच दिसते, आणि वही घेऊन जा, ती रेषा एका दमात काढायचा प्रयत्न कर.